पंचावन्नचा वायदा

पद्माताईंच्या सकाळच्या व्यायामाच्या क्लासला उपाशी पोटी आलेल्या बाईची काही धडगत नसायची. खताच्या दुकानावरच्या हॉलचा जिना चढून वर गेलं की त्या ‘या’ म्हणायच्या नाहीत, ‘काय खाल्लं?’ म्हणायच्या. चतुर्थी असो की नवरात्र, ‘काही नाही’ असं उत्तर आलं की पिशवीतून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढून हातावर ठेवायच्या आणि समोर उभ्या राहून खायला लावायच्या. “उपाशी बाई बारीक न्हाई होत, चिडचिडी होती,” असं त्यांचं म्हणणं. एवढ्या सकाळी बाईमाणसाला खाण्याचा आग्रह करणारं भोकरदनमध्ये दुसरं कुणी असेल, असं मला वाटत नाही.

पन्नाशीच्या होत्या. कधीकाळी कबड्डी खेळलेल्या, त्यामुळे एक गुडघा कायमचा दुखरा. ट्रॅकपँटवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायच्या आणि त्याच वेशात बाजारातून मेथीची जुडी घेऊन ताठ मानेनं घरी जायच्या. लोक बघायचे. बघू देत की, त्यांना काय फरक पडत होता?

मी त्यांच्याकडे गेले ती डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. तिशी जवळ आली होती, शाळेत शिकवत होते, वजन चौऱ्याऐंशी आणि साखर काठावर. त्याआधी तीन स्थळं ‘मुलगी अंगानं जास्त आहे’ म्हणून परत गेली होती. प्रत्येक वेळी पोहे मी करायचे आणि रडायची आई. या सगळ्याचा मला वीट आला होता. म्हणून पहिल्याच दिवशी मी ताईंना स्पष्ट सांगितलं, की मी साखरेसाठी आलेय, स्थळासाठी नाही. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. “बिलकुल. या हॉलमधी स्थळाचं नावच काढायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. इतकं बरं वाटलं मला, की जिना उतरताना डोळे पुसले.

किती वजन करायचंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मात्र पटकन पंचावन्न म्हणाले. आईनं बायोडाटात तेच लिहिलं होतं. ताई हसत सुटल्या. हे पंचावन्न तुझ्या हाडांनी सांगितलं का तुझ्या आत्यानं, असं विचारू लागल्या. त्यांच्याकडे एक काटा होता. त्यावर अनवाणी उभं राहून दोन मुठी धरल्या की वजनाबरोबर अंगात चरबी किती टक्के आहे तेही दिसायचं. “वजनात हाड बी आलं, पाणी बी आलं, मांस बी आलं,” त्या समजावायच्या. “चरबी कमी होऊ दे, पण पार काढायची न्हाई. बाईची पाळी तिच्यावर चालती.” डॉक्टर सत्तर म्हणाले होते, तर आपणही सत्तरच धरायचं. तिथं काही महिने टिकायचं. झोप नीट लागली, साखर बराबर राहिली, जिना चढताना दम लागला नाही, तर तेच आपलं वजन. असं सरळ, घाई न करता मला आयुष्यात कुणी काही सांगितलं नव्हतं.

सत्तरला पोचायला वर्षाहून जास्त लागलं. साखर उतरली. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, क्लासमधली फरजानाभाभी घरून खजूर घेऊन आली. आणि त्याच आठवड्यात ताई म्हणाल्या, “आता साठ.” मी चकित झाले. काट्यावर चरबीचा जो आकडा दिसत होता त्याला त्यांनीच आधी चांगला म्हटलं होतं. पण त्या म्हणाल्या, अजून जायला हवी. मी हो म्हणाले. माझ्या शरीराचं मला जेवढं कळत होतं, ते सगळं त्यांनीच तर शिकवलं होतं.

मग संध्याकाळची भाकरी बंद झाली. दर शनिवारी माझे फोटो निघू लागले, एक समोरून, एक बाजूनं. फरक कळायला, असं ताई म्हणाल्या. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली. मग पाळी चुकली, पुढच्या महिन्यातही आली नाही. मी घाबरून ताईंना सांगितलं. “उन्हाळा हाये, होतं असं,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईचे हात सरळ करायला गेल्या. फरजानाभाभीनं मात्र मला जिन्यात थांबवलं. “खाती-पीती नहीं क्या? सूरत उतर गई तेरी,” म्हणाली. ताई सांगतील तेवढं खाते, असं मी तिला वर ऐकवलं.

मे महिन्यात आई हट्टाला पेटली. फक्त एकदा बस, आष्टीकडचे लोक चांगले आहेत. तिची कटकट नको म्हणून मी बसले. मुलाची आत्या बराच वेळ मला न्याहाळत होती. मग समाधानानं आईला म्हणाली, “फोटोपेक्षा बरी दिसती. आमची पद्मा म्हणल्तीच, बासष्टवर आणलीय, लग्नापस्तोर पंचावन्न करून देते म्हणून.”

ताई आणि ती आत्या बालमैत्रिणी होत्या. माझे ते शनिवारचे फोटो, घामेजलेल्या कपड्यांतले, पोट दिसणारे, आष्टीच्या त्या घरात हातोहात फिरले होते. मी आईकडे पाहिलं. ती पोह्यांच्या डिशकडे बघत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “मीच बोलले होते पद्माला. तू सरळ ऐकलं असतंस का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलवर गेले. ताई सतरंज्या घालत होत्या. रात्रभर मनात भांडण रचलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, “माझी पाळी का थांबली, ते तुम्हाला ठाऊक होतं ना?”

त्यांनी हातातली सतरंजी खाली ठेवली. खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, निदान लाज वाटली असं समजले असते. पण त्या म्हणाल्या, “ठाऊक होतं. लग्न झालं की वजन येतंच वापस, पाळी बी येती. चार महिन्याची तर कळ काढायची होती. तुझं भलंच करून राह्यले होते मी.”

मी चपला पायात सरकवल्या. जिना उतरले आणि पुन्हा चढले नाही.

मी स्थळाला नकार दिला आणि डॉक्टरांकडे गेले. पुन्हा रात्रीची भाकरी खाऊ लागले, हळूहळू पाळी सुरू झाली. वजन किती ठेवायचं ते डॉक्टरांशी बोलून मीच ठरवलं आणि ते ठरवण्याची सगळी रीत ताईंचीच आहे, याचा मला आजही संताप येतो. त्यांनी मला चुकीचं शिकवलं असतं तर मी त्यांना केव्हाच विसरले असते. सगळं अगदी बरोबर शिकवलं आणि मलाच विकायला काढलं.

परवा बसस्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभी होते, तर समोर ताई. लंगडणं वाढलंय. त्यांनी मला नेहमीच्या नजरेनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर माया होती, तीही खरीच होती बहुतेक.

“किती झालं गं आता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही. आईलाही सांगत नाही.