हायपोचे थेंब

चूक माझी होती, पण ओरडलो मी देवरामतात्यांवर. छातीच्या एक्स-रेवर पाच-सहा गोल पांढरे ठिपके दिसले आणि मी डार्करूमच्या दारातूनच म्हणालो, "तात्या, हायपो उडवलात ना फिल्मवर? वय झालं आता तुमचं!" हायपो म्हणजे फिल्म पक्की करायचं पाणी. ते आधीच उडालं तर असेच ठिपके पडतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सिन्नरच्या शाळेत शिकलेला, नोकरीला सात महिने झालेला टेक्निशियन पुस्तकावर फार विसंबून असतो.

तात्या नाशिकच्या त्या इस्पितळात १९६३ पासून, म्हणजे एकोणीस वर्षं फिल्मा धूत होते. थेंब कधी उडाला नव्हता. दिवसभर लाल दिव्यात, त्यामुळे दुपारी बाहेर आले की घुबडासारखे डोळे मिचकावायचे. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, हाडं राहत. एकदा नाशकातल्याच द्वारका चौकात चहा पिताना, सायकलवरून चाललेल्या माणसाकडे बघून म्हणाले, "ह्याच्या डाव्या खुब्यात खिळा हाय."

"नाव काय त्याचं?"

"नाव कशाला लागतंय?"

मी हसलो. पण तेव्हापासून ते माझ्याकडे बघू लागले की मी शर्टाचं वरचं बटण लावायचो.

त्या दिवशीची छाती त्यांच्या नातीची होती. चांगुणा, आठ वर्षांची. वर्षापूर्वी कानाच्या वर टेंगूळ आलं. दाराची चौकट लागली असेल म्हणून आईने हळद लावली. ते वाढतच गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाचा कॅन्सर. पोरांना होतो, बहुतेक मांडीत नाहीतर कमरेत, कवटीत क्वचितच. विजेचे शेक झाले, औषधं झाली, केस गेले, टेंगूळ बसलं. आता ते छातीत उतरलं नाही ना, एवढंच बघायचं होतं. फोटो स्वच्छ आला तर जूनपासून शाळा.

तर मी ओरडलो आणि तात्या चक्क खूश झाले.

"उडाला असंल, साहेब! हात कापतो माझा. लय चूक झाली. परत काढा."

इतक्या आनंदाने चूक कबूल करणारा माणूस मी नोकरीत पाहिला नव्हता.

चांगुणा पुन्हा प्लेटला छाती टेकून उभी राहिली. "मामा, श्वास किती वेळ धरू?"

"मी सोड म्हणेपर्यंत."

"आन् विसरलात तर?"

फोटो निघाल्यावर "ही फिल्म तुम्हीच धुवा," तात्या म्हणाले. "माझा हात नको." डार्करूममध्ये ते भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून लांब उभे राहिले. लाल उजेडात फिल्म उमटू लागली. फुप्फुसं हळूहळू काळी होत गेली. ठिपके तेवढे काळे व्हायला तयार होईनात. मागच्याच जागी, एकेक करून, ठरलेल्या पाटावर बसायला आल्यासारखे आले. हायपोचं भांडं अजून झाकलेलंच होतं.

अंधारातून तात्या हळूच म्हणाले, "तुम्ही पण उडवलात, साहेब."

"हो," मी म्हणालो.

"मग अजून एक काढा."

"मशीन तापलंय, तात्या. सोमवारी काढू." मशीन थंडगार होतं.

सोमवारपर्यंत चांगुणाला धाप लागली आणि तिला मुंबईला हलवलं. श्रावणात ती गेली. तात्या पंधरा दिवसांनी कामावर आले, हात धुतले, लाल दिवा लावला. तिसरी फिल्म त्यांनी पुन्हा मागितली नाही. तेवढी एक त्यांची अजून माझ्याकडे बाकी आहे.