अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचं माप

मुलुंड स्टेशनजवळ शरच्चंद्र केळुसकरांचं घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. मागे दोन खोल्या आणि अंगण. तिथे ते आणि त्यांची बायको वनमाला, एवढंच बिऱ्हाड. गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

अण्णांचा कान नावाजलेला होता. कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं, हे ते ऐकून सांगत. कॅमेरा कानाशी धरायचा, कळ दाबायची, आतल्या दातेरी चाकांची बारीक कुरकुर ऐकायची आणि म्हणायचं, "सेकंदाचा पंचविसावा भाग. चोख." गिऱ्हाईक बघतच राही.

पंचावन्न सालच्या मार्गशीर्षात मधुकर आला. त्याचा पलीकडच्या गल्लीत स्टुडिओ होता. आठच दिवसांपूर्वी अण्णांनी त्याच्या कॅमेऱ्याचं शटर साफ करून दिलं होतं.

"अण्णा, रागावू नका हां," म्हणत त्याने लग्नाचे फोटो गल्ल्यावर मांडले. नवरीचा माळ घालणारा हात धुरासारखा पुसट आला होता. "पंचविसावर लावला होता. स्टँडवर होता कॅमेरा. निगेटिव्ह तर काळीकुट्ट निघाली."

अण्णांनी कॅमेरा कानाशी नेला. "बरोबर आहे रे. नवरी हलली असेल."

"तीन लग्नं झाली, अण्णा. तिन्ही नवऱ्या कशा हलतील?"

मधुकर कॅमेरा ठेवून गेला. अण्णा दुपारी जेवायला बसले, पण नुसता भात चिवडत राहिले. वनमालाबाईंनी काय झालं ते काढून घेतलं आणि आमटी वाढता वाढता सांगून टाकलं, "तुमका आयकाक येणा नाय."

"काहीतरीच बोलू नकोस."

"दोन वर्षां झाली. कानाशी डास गुणगुणता, तुमका पत्तो नाय. मीच मारतंय."

अण्णा उठून खाटेवर जाऊन पडले. चाळीस वर्षं ज्या कानावर दुकान चाललं, तोच दगा देतोय हे त्यांना आतून ठाऊक होतं. फक्त कोणी बोललं नव्हतं. आपण आजवर किती जणांना चुकीचं 'चोख' सांगितलं असेल, या विचाराने त्यांना लाजल्यासारखं झालं.

वनमालाबाईंनी नेहमीप्रमाणे ग्रामोफोनला चावी दिली आणि तबकडी लावून तांदूळ निवडायला बसल्या. अण्णा फिरत्या तबकडीकडे नुसते बघत पडले होते. मधल्या गोल कागदावरची अक्षरं एकमेकांत मिसळून गेली होती. बघता बघता ते उठून बसले.

"मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या! अगं, हे घड्याळच आहे की!"

"गाना आयकू द्या मगे."

पण अण्णा आता थांबणार नव्हते. त्यांनी तबकडीवर मध्यापासून काठापर्यंत एक पांढरा दोरा चिकटवला. खिशातलं घड्याळ हातात घेऊन मिनिटभर फेऱ्या मोजल्या. चौऱ्याहत्तर भरल्या. वेगाचा स्क्रू फिरवून त्या बरोबर अठ्ठ्याहत्तर केल्या. मग ग्रामोफोन अंगणातल्या उन्हात मांडला, तिपाईवर कॅमेरा खाली तोंड करून बसवला आणि पंचविसावर लावून फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी मधुकरने फोटो मोठा करून आणला. शटर उघडं होतं तेवढ्या वेळात दोरा जितका सरकला, तितकी पांढरी पाकळी काळ्या तबकडीवर उमटली होती. अण्णांनी कोनमापक लावला.

"शटर चोख असतं तर एकोणीस अंश हवे होते. चौतीस आहेत." त्यांनी पाटीवर भागाकार केला आणि चष्मा काढला. "पंचविसावा नाही, चौदावा भाग. तुझ्या नवऱ्या शहाण्या होत्या, मधुकर. चूक माझी."

मधुकर एवढंच म्हणाला, "पण हे माप भारीच आहे ना, अण्णा!"

अण्णांनी शटर पुन्हा उघडलं. एका बारीक चाकावर जुनं तेल चिकट होऊन बसलं होतं. ते धुऊन काढलं, परत फोटो घेतला. एकोणीस अंश आले. त्या संध्याकाळी ते दोनदा जेवले म्हणायला हरकत नाही.

मग त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्डं टाकली, 'कॅमेरा आणून दाखवावा, पुन्हा तपासून देतो.' कोणी रागावलं नाही. उलट कांदिवलीहून, कुर्ल्याहून नवे फोटोवाले यायला लागले. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर अण्णा खऱ्या वेगांची चिठ्ठी देत. बुधवारी सकाळी अंगणात तपासणी चाले. चावी द्यायचं आणि अंश वाचायचं काम वनमालाबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्यांची शाळा चौथीत सुटली होती, पण कोनमापक त्यांच्या हाती असा बसला की अण्णा परत बघायचेही नाहीत.

एकदा मधुकरने फोटो वाचून सांगितलं, "एकवीस."

वनमालाबाईंनी फोटो त्याच्या हातून घेतला. "वीस. तू रेघेच्या भायरसून धरतंस."

मधुकरने अण्णांकडे पाहिलं. अण्णा चिठ्ठीवर आधीच वीस लिहून बसले होते.