नरम लायनर

ही गोष्ट अनेकदा ओठांपर्यंत आली, आणि प्रत्येक वेळी मी तिच्याऐवजी दुसरंच काही बोलले — हवेचं, कपाशीचं, वाचलेल्या एखाद्या कवितेचं. यजमानांना ती ठाऊक नाही. माझ्या आईला ठाऊक नव्हती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हांला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

आधी उपकारांचं सांगू द्या. ते खरे आहेत, आणि त्यांच्याशिवाय माझा अपराध किती मोठा होता ते तुम्हांला कळणार नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. लग्न होऊन मी वर्ध्याजवळच्या आंजी गावाला आले तेव्हा माझं एम.ए. अर्ध्यावर होतं, विषय मराठी, आणि त्यातही जीव कवितेवर. आठवड्यातून एकदा नागपूरला वर्गाला बसायचं, तर पहाटेची पॅसेंजर वर्ध्याहून गाठावी लागे, आणि त्या वेळेला गावातून एसटी नव्हती. यजमान शिक्षक, त्यांची शाळा सकाळची. सून एकटी नागपूरला जाणार यावर घरात बरीच कुजबुज झाली. अखेर सासूबाईंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला, "प्रकाश नेऊन देते म्हन्ते त जाऊ द्या तिले. शिकूनच राह्यली, पयून नाई राह्यली."

प्रकाश म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. घरातली एकुलती एक मोटारसायकल त्यांच्या हाती असे, आणि तिच्या मागच्या सीटवर बसून मी शिकले असं म्हटलं तर ते अलंकारिक होणार नाही. हिवाळ्याची पहाट, दवानं जड झालेल्या कपाशीचा कडवट, हिरवा वास, नाल्याच्या पुलावर अचानक अंगाला भिडणारा गारवा, आणि पुढे भाऊजींची रुंद पाठ — सगळा वारा तीच सोसत असे. मी मागे ओळी पाठ म्हणत असे. थांबले की ते मान न वळवता ओरडत, "वयनी, झोपजा नोका! मांगं आवाज बंद झाला का मले वाट्टे, पडल्या!"

आठवड्यामागून आठवडे एका माणसानं दुसऱ्यासाठी पहाटे उठावं आणि त्याचा कधी उल्लेखही करू नये — याला काय म्हणायचं? मला अजून शब्द सापडलेला नाही.

भाऊजी शर्यतीत उतरत. नागपूरच्या एका मैदानावर मातीच्या वाटोळ्या वाटेवर मोटारसायकली धावत. गाडी तीच. एरवी ती दुधाच्या कॅन आणि सरकीच्या गोण्या वाही, मला वाही. शर्यतीच्या दिवशी तिचे आरसे आणि दिवे उतरवले की ती शर्यतीची. त्या जानेवारीत नागपूरचा एक विक्रेता स्वतःचा संघ उभा करत होता. शर्यतीत जो डोळ्यांत भरेल त्याला संघात जागा, शिवाय त्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी. भाऊजी त्या दिवसांत जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटानं वळणं घेत.

आता ब्रेकबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. चाकाच्या बंद ड्रममध्ये दोन कमानी असतात, त्यांच्यावर लायनर ठोकलेला असतो. पायाखाली पायडल दाबलं की तो ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. नरम लायनर थंडीतही चटकन धरतो, रस्त्याला तो चांगला. पण शर्यतीत पुन्हापुन्हा दाबून तापला की तो सुटतो, नुसता घसरत राहतो. कडक लायनर याच्या उलट. तापेल तसा तो धरतो, आणि थंड असताना मात्र दगा देतो. एकाच गाडीला रस्ता आणि शर्यत दोन्ही करायची, तर निवड करावीच लागते.

भाऊजींनी ती केली होती. पूर्वी काढून ठेवलेल्या जुन्या कमानी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवल्या. "नागपुरात ठोकून आनजा वयनी. कडकवाले. रंगानं काये असते, त्याच्यात पितळेची तार चमकते. अन् भेऊ नोका — सकाळी घरापासूनच ब्रेक दाबत दाबत नेईन, पुलापर्यंत गरम होऊन जाते. तुमाले पाडत नाई मी."

पाहा, माझाही विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता.

दुकानदारानं दोन्ही जोड काउंटरवर मांडले. एक तपकिरी, बोटाला जरासा मऊ. दुसरा काळा, आणि त्याच्या अंगात पितळेच्या तारा, रात्रीच्या शेतात दूरवर कंदील दिसावेत तशा. "बहनजी, रेस के लिए तो यही," तो म्हणाला. मी तो हातात घेतला. धातूचा थंड, आंबूस वास आला. सुंदर होता तो — हे मला आठवतं, कारण मी तो परत खाली ठेवला.

पहाटेच्या थंड ब्रेकची भीती वाटली, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण ती भीती तर त्यांनी आदल्या दिवशीच काढून टाकली होती. मग? — भाऊजी जिंकले तर नागपूरला जातील, गाडी त्यांच्याबरोबर जाईल, आणि मला स्टेशनवर कोण नेईल? माझं काव्यशास्त्र, माझ्या पहाटा — सगळं त्या एका सीटवर बसलेलं होतं. ते हरावेत असं मला वाटलं का? हो. वाटलं.

मी तपकिरी लायनर ठोकून घेतले.

घरी आल्यावर नुसतं "मिळाले नाहीत" म्हणून भागलं असतं. पण मला शब्दांची सवय. मी ते सजवलं. म्हटलं, कडक माल बाजारातच नाही, दुकानदार सांगत होता, शर्यतीच्या सगळ्याच पोरांची यंदा तीच पंचाईत आहे, सगळे नरमवरच धावणार आहेत. भाऊजींनी कमानी हातात घेऊन जराशा तोलून पाहिल्या. मग हसून म्हणाले, "मंग त बराबरीच झाली. ज्याच्या पायात दम, तो जिंकन."

शर्यत आम्ही सगळे पाहायला गेलो होतो. सुरुवातीला ते पुढे होते, स्पष्टपणे पुढे. सासूबाई पदर कमरेला खोचून ओरडत होत्या, "दाब, दाब, प्रकाश!" मग प्रत्येक फेरीत तापलेल्या लायनरचा वास दाट होत गेला — केस जळावेत तसा, तोंडात चव ठेवून जाणारा. वळणावर त्यांची गाडी दर वेळी थोडी अधिक बाहेर फेकली जाऊ लागली. एकेक जण आतून निघून गेला. शेवटी ते कडेच्या गवताच्या पोत्यांत घुसले. लागलं नाही फारसं, कोपर सोललं.

तो विक्रेता आमच्या जवळच उभा होता. बरोबरच्या माणसाला म्हणाला, "लड़का तेज है, पर ब्रेक पे पैर कच्चा है." सहज म्हणाला, वाईट हेतू नव्हता. मी हात लांब केला असता तर त्याच्या बाहीला लागला असता. एक वाक्य पुरलं असतं. मी सासूबाईंना म्हटलं, "चला, उशीर होतोय."

आणि हेही सगळ्यांत वाईट नव्हे.

पुढच्या आठवड्यात भाऊजी मला नेहमीसारखे स्टेशनवर नेत होते. पुलावर त्यांनी गाडी हळू केली. नरम लायनरनं अलगद, आज्ञाधारकपणे धरलं. मान न वळवता त्यांनी विचारलं, "वयनी, बाकीच्याइचेही नरमच होते ना?"

केवढी जागा करून दिली होती त्यांनी मला! अंधार होता, माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. इतकं सोपं पुन्हा कधी होणार होतं?

मी म्हटलं, "हो."

"मंग आपलाच पाय कच्चा," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी वेगात घेतली.

त्यानंतर ते शर्यतीत उतरले नाहीत. मला मात्र नेत राहिले, माझी शेवटची परीक्षा होईपर्यंत. वर्ध्याच्या कॉलेजात मला नोकरी लागली तेव्हा पेढे भाऊजींनी वाटले. वर्ध्यालगत सिंदी मेघेला घर केलं तेव्हा आमचं सामान त्यांनी वाहिलं. मी वर्गात कविता शिकवते आणि मुलं गप्प होऊन ऐकतात, त्या क्षणांत असा एकही नाही जो त्यांनी मला दिलेला नाही. हे कृतज्ञतेनं लिहिते. ती खोटी नाही; माझं खोटं तिला पुसू शकलेलं नाही.

भाऊजी सुखी आहेत. शेती उत्तम करतात, दोन मुली आहेत, हसतात भरपूर. फक्त माझा धाकटा भाऊ मोटारसायकल शिकायला त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला गियर शिकवले, क्लच शिकवला, आणि मग गाडीवरून उतरले. "ब्रेकचं दुसऱ्या कोनाले विचार बाबू," ते म्हणाले. "त्याच्यात आपन फेल हावो." सगळे हसले. मी चहाचे कप गोळा करत होते. मी ते गोळा केले.

कडक लायनर असते तर ते जिंकलेच असते, असं मी म्हणत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाही कळली होती. शेवटच्या वळणावर मी दोरीला लागून उभी होते. भाऊजींचा पाय मला दिसला. वळणाच्या खूप आधी, नेमका जिथे पडायला हवा तिथे, तो पायडलवर पूर्ण वजनानं पडला होता आणि शेवटपर्यंत हलला नव्हता.