पास्कलचं बावखल

मार्चचा शेवटचा रविवार, रक्कम घरटी चार हजार रुपये, हजर सोळापैकी सात घरं. जुलैत पास्कलच्या बायकोने, रोझीवहिनींनी, तो गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी आठवली ती ही सभा...

उमेळ्यात आमच्या इमारतीमागे एक बावखल आहे, म्हणजे वाडीसाठी जुन्या लोकांनी खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, मुरायचं. इमारती आल्या, त्यात राडारोडा पडला आणि पाणी आमच्या आवारात मुक्कामाला येऊ लागलं. पास्कल तळमजल्यावर राहायचा, शाळेत भूगोल शिकवायचा. पाऊस आता एकदम कोसळतो, त्यात भरती असली तर पाण्याला वाटच उरत नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. हवामानबदलाच्या एका सरकारी योजनेतून बावखल उपसायला अर्धा खर्च मिळणार होता. उरलेला आमचा, आणि अकरा घरांच्या सह्या हव्या होत्या.

सभेत चौथ्या मजल्यावरच्या मंजूवहिनी म्हणाल्या, "सर, पाणी तुमच्या दारात येतं. पैसे आम्ही का भरायचे?"

"वहिनी, भाजी आणायला तुम्ही गच्चीवरून उडत जाता काय?"

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. सह्या सहाच झाल्या.

सोसायटीचा खजिनदार म्हणून मी मग दारोदार फिरलो. हवामान बदलतंय, हे एकानेही नाकारलं नाही. वरच्या मजल्यांना सारखी वर्गणी खटकत होती. कुणी म्हणालं, राडारोडा टाकला त्याच्याकडून आधी वसूल करा. आणि तीन घरांनी थंडपणे विचारलं, "ते चर्चचं काम ना?" तेव्हा उलगडा झाला. पास्कलने सभेची सूचना रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, फादरांकडून वाचून घेतली होती, आणि तेवढीच. त्याच्या लहानपणी तेवढं पुरायचं, घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर व्हायचा. आमच्या इमारतीत मिस्साला जाणारी घरं पाच.

"अरे, जिन्यात एक कागद लावायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलो.

"बावखलाचं काम चर्चमध्येच सांगतात, वसंत..." तो म्हणाला. जणू मलाच गावची रीत ठाऊक नाही. मग स्वतःच, "बरं. पावसाळ्यानंतर पुन्हा सभा घेऊ. कागद मी लावतो, दारं तू वाजव."

तो गेला त्या दिवशी आवारात गुडघाभर पाणी होतं. शववाहिनी फाटकाबाहेरच थांबली, ड्रायव्हर आत यायला तयार होईना. शेवटी सातिवलीहून ट्रॅक्टर मागवला. सोळाही घरं पाण्यात उतरली. मंजूवहिनी पदर खोचून शवपेटीला हात लावून चालत होत्या, रडत होत्या. ट्रॅक्टरचे पैसे जागेवर जमले. कोण कितव्या मजल्यावर राहतं, हे कुणी विचारलं नाही. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

परवा पास्कलला महिना झाला, त्याच्या मिस्साहून येताना रोझीवहिनींकडे डोकावलो. पास्कलचे गमबूट दाराशी तसेच आहेत, चिखल वाळलेला. वहिनी म्हणाल्या, "राहू देत. पाणी पुन्हा येईलच."

बावखलासाठी आजवर कुणी एक रुपयाही दिलेला नाही. ट्रॅक्टरवाल्याला दिले साडेतीन हजार, सोळा घरांनी मिळून, रोख.