बेसूर भजनाची कृपा

आमच्या ह्यांच्या पोटातल्या व्रणाचं ऑपरेशन धुळ्यात झालं, त्या वेळी माझी श्रद्धा फार डळमळली होती. ऑपरेशन नीट पार पडलं, पण खरा घोर त्यानंतर लागला. डॉक्टर रोज बजावत, "खोल श्वास घ्या, खोकून कफ बाहेर टाका. नाहीतर छातीत साचेल, न्यूमोनिया होईल." टाक्यांवर उशी दाबून कसं खोकायचं, तेही त्यांनी मला दाखवलं होतं. पण हे ऐकतील तर ना! असोद्याच्या भजनी मंडळात ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जाई, तो माणूस ओठ मिटून पडलेला. "टाके उसवतीन वं," एवढंच म्हणत. अंगात ताप भरला, श्वास वरवर चालू लागला.

मी देवपुरात नणंदेकडे उतरले होते. सकाळी एकवीरेच्या देवळात गेले, पण नवस बोलायलाही शब्द सुचेनात. "आई, हे माझं ऐकत नाहीत. आता तूच बघ," एवढंच म्हटलं आणि पांझरा नदी ओलांडून दवाखान्यात आले.

शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला शिरपूरकडचे एक म्हातारे आबा आले होते. रुग्णाला झोप लागलेली, म्हणून ते आपले हळू आवाजात भजन म्हणत बसले. सूर इतका वेडावाकडा की माझे हे तापातही कळवळले.

"आबा, असं नाई हो! वरून घ्या."

"माले येत नही, भाऊ. तुम्हीच म्हनी दखाडा," आबांनी हसून यांनाच म्हणून दाखवायचा आग्रह केला.

मी यांना उठवून बसवलं, टाक्यांवर उशी दाबून धरली. यांनी छाती भरून श्वास घेतला, पहिली ओळ ओढली आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं, पण कफ सुटला. आबा पुन्हा चुकले, हे पुन्हा गायले. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. "आता सकाळ-संध्याकाळ हेच चालू द्या," म्हणाले.

पुढे ताप उतरला. आबा त्याच दुपारी गावी परतले होते. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. देवीपुढे मी काय मागायचं तेही ठरवू शकले नव्हते. बरंच झालं. मी मागितलं असतं तर एखादं भारी औषध मागितलं असतं.

हे अजून म्हणतात, "इतका बेसूर मानूस म्या जन्मात पाह्यला नाई."

मी मनातल्या मनात आईला हात जोडते. सुरेल माणूस धाडला असता, तर हे नुसते ऐकत पडून राहिले असते.