कस्तुराबाईची जबानी

इंद्रभानचं लग्न झालं तेव्हा तो बाविशीत होता, आणि सगळ्या मांडवात तो एकटाच गप्प होता. आसेगावच्या लोकांना वाटलं, पोरगा लाजाळू आहे. मानमोडीच्या तापाच्या साथीत बाप गेलेला. घरात आई पंचफुलाबाई आणि तो, दोघंच. "माया डोळ्यांदेखत घरात सून आन," असं आईनं डोळ्यांना पदर लावून म्हटलं, त्यापुढं त्याला बोलता आलं नाही. बोलायचं तरी काय? आपल्या मनात जे आहे त्याला काय म्हणतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं. बरोबरीची पोरं पाणवठ्यावरच्या पोरींच्या गोष्टी करत, तेव्हा याचं लक्ष त्या पोरांकडंच असायचं, एवढंच त्याला कळत होतं.

सून आली ती कस्तुरा. कामाला वाघीण, बोलायला फटकळ. दोन वर्षं तिनं वाट पाहिली. नवरा गोड बोलायचा, बाजारातून बांगड्या आणायचा, आणि झोपायला बाज अंगणात टाकायचा. शेवटी एका दुपारी कापूस वेचताना तिनं कमरेची कापसाची ओटी सोडली आणि सरळ विचारलं, "मायात काई खोट हाय का? एकदाचं सांगून टाका."

इंद्रभान शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला. "तुयात काईच खोट नाई वो. माया मनात बाईच येत नाई. कधी आलीच नाई."

"मंग मले काहून आनलं?"

"मायच्या शब्दापायी. चूक माही हाय. पन तुया जनमाची माती मी होऊ देनार नाई."

कस्तुरा रडली, चिडली, वेचलेला कापूस तिनं त्याच्या अंगावर फेकला. पण इंद्रभान बोलल्याप्रमाणं वागला. तिच्या माहेरी जाऊन पंचांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दोष माया अंगात हाय, पोरीत नाई. तिले मोकळी करा." खाली बसलेल्यांत कोणी खाकरलं, कोणी हसलं. त्या दिवसापासून नामर्द हा शब्द त्याच्या मागं लागला. त्यानं तो ऐकून घेतला. काडीमोड झाल्यावर आपल्याच हातानं गाडी जुंपून कस्तुराला नव्या लुगड्यात माहेरी पोचवलं. वर्षाच्या आत मेडशीच्या बबनरावाशी तिचा पाट लागला, हे कानावर आलं तेव्हा त्याला बरं वाटलं.

खेमा त्यानंतर आला. तो बंजाऱ्यांच्या तांड्यातला. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. रेल्वे आली आणि ती लदेणी संपली. खेमा लोकांच्या गाड्या हाकून पोट भरायचा. कारंज्याच्या बाजारात कापूस न्यायला इंद्रभाननं त्याला बोलावलं. वाटेत खेमा त्याच्या भाषेतली गाणी म्हणायचा, मग अर्थ सांगायचा, आणि सांगता सांगता स्वतःच हसायचा. इंद्रभानला अर्ध्याहून जास्त कळलं नाही, पण बाजार इतक्या लवकर आला याचं त्याला वाईट वाटलं.

परत आल्यावर इंद्रभानला हिवतापानं धरलं. खेमा गुळवेलीचा काढा करून उशाशी बसला. म्हातारीला म्हणाला, "तुमी निजा माय, मी हाय ना." ताप उतरला तशी त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली.

"कुठी चालला?"

"तांड्यावर."

"काहून?"

खेमा दारात थबकला. "राहू तं कायले राहू, थे तरी सांग."

"मी म्हनतो म्हनून राह्य," इंद्रभान म्हणाला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. खेमानं घोंगडी परत खुंटीला अडकवली.

पंचफुलाबाई आधी खेमाला ओसरीवर वाढायची. जात आडवी यायची. मग एके दिवशी तिनं त्याचं ताट चुलीपाशी, इंद्रभानच्या शेजारी ठेवलं. "बाहीर मांजर भाकर पयवते," एवढंच म्हणाली. ती कधी काही विचारायला गेली नाही. शेजारणीनं टोचून पाहिलं तेव्हा मात्र तिनं सुनावलं, "माहा पोरगा आता हसते बाई. मले आनिक काय पाह्यजे?"

सात-आठ वर्षं अशी गेली. लोक बोलायचे, पण पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला त्याच लोकांना खेमा लागायचा.

मग इंद्रभानचा चुलतभाऊ जगदेव याच्या पोरीची सोयरीक मोडली. पाहुण्यांनी तोंडावर विचारलं, "तुमच्या भावकीत दोन गडी बायकोवाचून एका घरात कसे नांदतात?" पोरगी दोन दिवस जेवली नाही. जगदेव काही दुष्ट माणूस नव्हता, पण पोरीचं तोंड त्याला पाहवेना. त्या तिरीमिरीत तो ठाण्यावर गेला आणि तक्रार देऊन आला.

इंद्रभान वाशीमला जाऊन एका वकिलाला भेटला. वकील म्हातारा होता, हिडीसफिडीस न करता बोलला. "कलम तीनशे सत्त्याहत्तर. निसर्गाच्या विरुद्धचा गुन्हा म्हणतात त्याला. दहा वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. काळं पाणीसुद्धा."

"आमी कोनाचं काई घेतलं नाई, कोनाले मारलं नाई."

"त्यात घेण्यामारण्याची अटच नाही."

"मंग आमच्या बाजूनं एखादं कलम असंनच ना, साहेब? एवढं मोठं पुस्तक हाय."

वकिलानं चष्मा काढला. "नाही. तुमच्या बाजूनं एक ओळही नाही. साक्ष मिळाली नाही तर सुटाल. एवढंच."

आणि साक्षीला फौजदारानं मेडशीहून कस्तुराबाईला बोलावलं होतं. इंद्रभाननं ते ऐकलं. जिची दोन वर्षं आपण वाया घालवली, ती आता काय बोलेल? तिनं खरं ते सांगितलं तरी ती चुकली असं कोण म्हणेल?

चावडीसमोर गाव जमलं. खेमा भिंतीला टेकून उभा होता, शेजारी इंद्रभान. कस्तुराबाई गाडीतून उतरली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोघांकडं न पाहता फौजदारापुढं जाऊन उभी राहिली.

फौजदारानं विचारलं, "काडीमोड घेताना हा पंचांना म्हणाला, दोष माझ्यात आहे. कसला दोष?"

"थे पंचाईनं तवा इचारलं नाई. मी आता सांगत नाई."

"सरकार विचारतंय, बाई."

"मंग सरकारनं आयकावं," कस्तुराबाईचा आवाज चढला. "मी दोन वर्षं या मानसाच्या घरात राह्यली. यानं मायावर हात उचलला नाई, वाकडा शबूद बोलला नाई. मले मोकळं करासाठी यानं सोताच्या तोंडाले काळं फासून घेतलं. दुसरा असता तं मलेच वांझ म्हनून हाकललं असतं. आज मायं लेकराबायाचं भरलं घर हाय, थे याच्यापायी हाय. यानं कोनाचं काय बिघडवलं, थे तुमी मले सांगा."

फौजदार जगदेवकडं वळला. "तू डोळ्यांनी काही पाहिलंस?"

जगदेवच्या समोरच पंचफुलाबाई बसली होती. आई मेल्यावर लहानपणी त्याला तिनंच भरवलं होतं. ती त्याच्याकडं पाहत होती. जगदेवनं मान खाली घातली. "नाई साहेब. लोक बोलतात म्हून म्या सांगतलं."

"आणखी कोणी?"

गावातून कोणी पुढं आलं नाही.

फौजदार वैतागून उठला. जाताना बजावून गेला, "हा लमाण पुन्हा त्या घरात दिसला तर मी स्वतः येईन."

खेमा त्याच संध्याकाळी तांड्यावर गेला. इंद्रभान दिवसभर शेतात राबायचा आणि घरी येऊन न जेवता पडायचा. उन्हाळा सरत आला तशी म्हातारी पंचफुलाबाई काठी घेऊन निघाली आणि पायी तांड्यावर पोचली. खेमा तिला पाहून धावत आला.

"चाल घरी," ती म्हणाली.

"फौजदार येईन, माय."

"येऊ दे. त्याच्याशी मी बोलीन. तू चाल, मायाच्यानं आता पान्याची घागर हेपलत नाई."

फौजदाराची बदली झाली की तो विसरला, कोणास ठाऊक. पुन्हा कोणी आलं नाही. पण पुढं कित्येक वर्षं रस्त्यावर खाकी कपडा दिसला की इंद्रभान हातातलं काम टाकून आधी खेमा कुठं आहे ते पाहायचा. ते कलम पुस्तकात होतं तसंच होतं.

पंचफुलाबाई गेली त्याच्या दोन वर्षांनंतर मेडशीहून बोलावणं आलं. कस्तुराबाईच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. दोघं बिचकतच गेले आणि मांडवाच्या कडेला बसले. नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायची वेळ आली. कस्तुराबाईला भाऊ नव्हता. ती गर्दीतून वाट काढत थेट खेमासमोर आली.

"ऊठ. माया पोराच्या मांगं उभा राह्य."

"बाई, मी तांड्यावरचा... लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले काय म्हनाचं थे जेवल्यावर म्हनतीन. अक्षता पडाच्या आंदी ऊठ."

बबनरावानं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि जागा करून दिली. खेमा नवरदेवाच्या मागं जाऊन उभा राहिला, ताठ, हात कुठं ठेवावेत ते न कळून. इंद्रभाननं मूठभर अक्षता घेतल्या. त्या टाकायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.