व्याह्यांसाठी बुजवलेली भेग

झुमाकादिरने उमेदीची वर्षं काँक्रीट ओतण्यात घालवली आणि म्हातारपण त्याच काँक्रीटच्या भेगा बुजवण्यात. काराकिया डोंगराच्या उतारावर कुणाच्या ओट्याला, पायरीला भेग गेली की यालाच बोलावणं. छिन्नीने भेग आधी रुंद करायची, कुंच्याने धूळ काढायची, पाणी पाजायचं, मग सिमेंटचा मसाला ठासून भरून वर ओलं गोणपाट टाकायचं. आठ दिवसांनी भेग कुठे होती ते त्याचं त्यालाही सापडत नसे. या हाताचा त्याला भारी गर्व, आणि या गर्वानेच त्याचा घात केला.

एप्रिलमध्ये डोंगर सरकतोय अशी बोलवा उठली, तेव्हा जिल्ह्याहून अल्तीनाय नावाची तरुण इंजिनिअर आली. घरोघरच्या भेगांवर तिने जिप्समच्या आडव्या पट्ट्या बसवल्या आणि वर तारीख घातली.

"आजोबा, हिला हात लावायचा नाही हं. ऑक्टोबरात येते मी. पट्टी तुटलेली असली तर घर सरकतंय असं लिहीन, मग तुम्हाला खाली सपाटीवर घर मिळेल."

जुलैत पट्टी तडकली. स्वतःचं घर मोडतंय म्हणून आनंदाने रडणारी बायको कुणी पाहिली नसेल, पण झुमाकादिरची सायराकान रडली.

ऑगस्टात लेकीचे सासरे पहिल्यांदा घरी यायचे होते. ती भेग नेमकी दारासमोरच्या भिंतीवर, जिथे व्याह्यांना मानाने बसवायचं तिथेच.

"व्याह्यांच्या पाठीशी फुटकी भिंत? गावभर भेगा बुजवत हिंडलो, ते माझंच हसं करून घ्यायला?"

"अहो, गालिचा टांगा की वर!"

"गालिचा टांगला की माणूस हमखास उचलून बघतो. मी स्वतः बघतो!"

झालं. पट्टी खरवडली, भेग बुजवली, वर चुना मारला. व्याही जेवले, भिंतीला टेकून ढेकर दिला, भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते गेल्यावर म्हाताऱ्याला इंजिनिअर आठवली. पोरगी रागावेल म्हणून त्याने तिथेच नवी पट्टी बसवली, तारीखही एप्रिलचीच घातली. डोंगर महिन्याभरात तीही तोडेल, असा त्याचा हिशेब. पण त्यानंतर पावसाचा टिपूस पडला नाही आणि डोंगर ढिम्म हलला नाही.

ऑक्टोबरात अल्तीनायने पट्टीवर बोट फिरवलं. "अखंड आहे. घर स्थिर."

झुमाकादिरने सगळं खरं सांगून टाकलं.

"आजोबा, सकाळपासून हेच सांगणारे तुम्ही चौथे," ती थकून म्हणाली. "खालच्या आळीत तर लोकांनी धडधाकट पट्ट्या फोडून ठेवल्यात."

त्याने छिन्नी-हातोडी उचलली आणि तिच्यादेखत भिंतीवर घाव घातले. मसाला ढासळला. आत बोट जाईल एवढी भेग उघडी पडली.

"बघ! बघ ना पोरी!"

"बघितलं. पण आता तुम्ही हातोडी मारलीत, आजोबा. हे डोंगराने केलं असं मी कसं लिहू?" तिने एकदा भेगेकडे पाहिलं आणि 'घर स्थिर' या शेऱ्याखाली सही केली. पुढची पाहणी तीन वर्षांनी.

शेजारच्या ओरोझबायला धड मसालाही कालवता येत नाही. त्याने आपल्या भेगांना कधी हात लावला नव्हता. त्याला सपाटीवर घर मिळालं. ट्रकमध्ये शेगडी चढवताना त्याची मान वर होईना. "चला की आमच्याकडे," तो पुटपुटला. दोन खोल्यांत त्याची नऊ माणसं. झुमाकादिरने मानेनेच नाही म्हटलं. एकेक करून ती आळी रिकामी झाली.

आता मार्च आहे, बर्फ वितळतंय. वरून अधूनमधून खडे घरंगळत येतात. चाळीस वर्षांत या घराच्या गालिच्यावर कुणी बूट घालून पाऊल ठेवलं नव्हतं. आता सायराकान चहालासुद्धा बूट घालून बसते, दाराशी. झुमाकादिर तिला चहा ओतून देतो. बूट काढ म्हणायची त्याची छाती होत नाही.